पूर्ववत

जुन्या वस्तूचं काय करायचं, या प्रश्नाने तत्त्वज्ञांना जितकं छळलं तितकंच मराठी घरांनाही छळलं आहे. फरक एवढाच, की तत्त्वज्ञांनी त्यावर ग्रंथ लिहिले आणि आपण माळे बांधले.

या प्रश्नाच्या संदर्भात माणसांच्या तीन जाती पडतात. पहिली टाकणाऱ्यांची. ही माणसं रविवारी सकाळी उठतात, कंबर बांधतात आणि दुपारपर्यंत घर असं लख्ख करतात की चहा प्यायला कप उरत नाही. दुसरी जात ठेवणाऱ्यांची. एका दांडीचा चष्मा, झाकण हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणं, हे सगळं ‘लागेल कधीतरी’ या एकाच आशेवर ते जपून ठेवतात. या दोन जातींमध्ये सहसा विवाहसंबंध होतात आणि संसार सुरळीत चालतात. खरी पंचाईत तिसऱ्या जातीची. ही पूर्ववत करणाऱ्यांची जात. यांना वस्तू टाकायचीही नसते आणि नुसती ठेवायचीही नसते. ती जशी होती तशी परत करायची असते. माझा मेहुणा या तिसऱ्या जातीतला आहे.

त्याने पूर्ववत करायला घेतलेली वस्तू म्हणजे त्याच्या काकांची 1974 सालची येझदी. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगतो. चेकोस्लोव्हाकियात 1929 साली फ्रांटिशेक यानेचेक नावाच्या कारखानदाराने ‘वाँडरर’ या जर्मन मोटरसायकलीचे हक्क घेतले, आणि आपल्या नावातला ‘या’ व तिच्या नावातला ‘वा’ जोडून ‘यावा’ केलं. आपण त्याला जावा म्हणालो. 1960 च्या सुमारास ती मैसुरात आयडियल जावा या कारखान्यात होऊ लागली, 1973 पासून तिला येझदी हे नाव मिळालं आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचं, टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचं इंजिन, आणि त्या एका सिलिंडरला सायलेन्सर मात्र दोन. गिअरची दांडी आणि किकची दांडी एकच. ती आत दाबून वर फिरवली की किक, पुन्हा खाली आणली की गिअर. एकाच माणसाकडे दोन खाती देण्याची ही पद्धत आपल्या लोकांना सरकारी कचेऱ्यांमुळे परिचयाची होतीच, त्यामुळे गाडी लगेच रुळली.

काकांनी मात्र ती चिखलात घातली. त्या वेळी मातीच्या शर्यतींसाठी खास बनवलेल्या गाड्या परदेशात होत्या. येझदीच्या मूळ देशातच चेझेट नावाची अशी गाडी होती, आणि 1964 साली ज्योएल रोबेर हा बेल्जियन तरुण तिच्यावर अडीचशे सीसीचा जगज्जेता झाला होता. आपल्याकडे अशी गाडी मिळण्याची शक्यता शून्य. मग पुण्यातली पोरं होती त्याच गाडीचे कपडे उतरवत. काकांनी दिवा काढला, पुढचं मडगार्ड वर उचललं, रुंद हँडल आणि खडबडीत टायर चढवले, आणि मागे जास्त दात्यांचं स्प्रॉकेट बसवलं. मागचे दाते वाढले की गाडीचा पळ कमी होतो पण ओढ वाढते, आणि चिखलात पळापेक्षा ओढच उपयोगी. (हे वाक्य संसारालाही लागू पडतं, पण तो विषय नाही.) चार-पाच वर्षं काका असे उधळले. मग लग्न झालं, गाडी वाड्याच्या जिन्याखाली गेली आणि चाळीस वर्षं तिथेच राहिली. वाडा पडला तेव्हा ती मेहुण्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली, आणि एका दसऱ्याला त्याने तिला हार घालण्याऐवजी पाना लावला.

गाडी खोलणं सोपं असतं. कठीण असतं ते खोललेली गाडी आणि घर वेगळं ठेवणं. महिनाभरात सासूबाईंच्या स्वयंपाकघरातले डबे एकेक करून खाली गेले. ‘बेसन’ अशी चिठ्ठी असलेल्या डब्यात क्लचच्या प्लेटा निघाल्या आणि ‘साबुदाणा’मध्ये छर्रे. नंतर उलटा प्रकार झाला की काय, ही शंका मला एका एकादशीला आली होती, पण जावयाने असं काही विचारायचं नसतं. टाकीच्या आतला गंज काढायला तीत बारीक खडी आणि व्हिनेगर घालून ती हलवत राहायची असते. संध्याकाळच्या वेळी पार्किंगमध्ये एक पन्नाशीचा गृहस्थ टाकी कवटाळून हालतो आहे, हे दृश्य पाहून सोसायटीतल्या लहान मुलांना आधी भीती वाटली आणि मग त्यांनी नंबर लावले. सासूबाई म्हणाल्या, “व्हिनेगर कशाला आणतोस? चिंच घाल. पितळेला चालते, हिला काय धाड भरली आहे?”

पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट रुतून बसला होता. त्यावर डिझेल ओतून आठ दिवस वाट पाहिली. मेहुणा रोज बँकेतून आला की आधी खाली जाऊन “हलला का?” म्हणून पाही. नवव्या दिवशी हलला. हलला खरा, पण सिलिंडर आतून ओरखडला होता. मग रीबोअर, म्हणजे सिलिंडर आतून किंचित रुंद करणं, आणि त्या मापाचा जाडा पिस्टन. क्रँकची ऑइल सीलं गेली होती. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही पंपासारखी श्वास घेते, त्यामुळे सील गेलं की गाडीला दमाच लागतो. तीही नवी. ब्रेक शू नवे, स्पोक नवे, रिमना तांबं, निकेल आणि क्रोम असे तीन थर नव्याने. वायरिंग उंदरांनी आधीच निकालात काढलं होतं.

आणि इथेच, नाना पेठेतून आणलेल्या सामानाच्या पिशवीकडे बघता बघता, मला तो जुना प्रश्न पडला. एवढं सगळं बदलल्यावर ही तीच गाडी का?

हा प्रश्न माझा नाही. ग्रीक लोकांनी थीसियस नावाच्या वीराचं जहाज जपून ठेवलं होतं. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, असं करता करता शेवटी मूळ लाकूड किती राहिलं कोण जाणे. तेच जहाज की दुसरं, यावर त्यांचे तत्त्वज्ञ भांडत बसत, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे हाच प्रश्न नागसेन भिक्खूंनी मिलिंद राजाला विचारला. हा मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर. तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि रथ हे या सगळ्या जुळणीला दिलेलं नाव आहे, इथवर येऊन पोचला. मेहुण्याच्या पार्किंगमध्ये मिलिंद राजा आला असता तर त्याला इतकी चर्चा करावी लागली नसती. आस एका बादलीत होती, चाकं गच्चीवर होती आणि रथ कुठेच नव्हता.

सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने यात आणखी एक पाचर मारली. समजा, काढून टाकलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कुणी जमवल्या आणि त्यांचंच एक जहाज बांधलं, तर खरं जहाज कोणतं? या प्रश्नाने युरोपची झोप उडवली म्हणतात. आमच्या मिस्त्रीला मी तो विचारला, तेव्हा तो काढलेले जुने पार्ट पोत्यात भरत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, “साहेब, कागद ज्याचे, गाडी त्याची.”

सरकारचं मत मिस्त्रीसारखंच आहे. चासीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर म्हणजे गाडी, बाकी सगळं नश्वर. मात्र 2021 साली केंद्र सरकारने पन्नाशी ओलांडलेल्या खासगी गाड्यांसाठी वेगळे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असली आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नसले, तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. पण ती पाटी लागली की गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या. भाजी आणायला नाही. म्हणजे सन्मान मिळाला की काम गेलं. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेताना माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्या गाड्यांच्या दिव्यांचा होत असावा.

उलटाही प्रकार आहे. जावा हे नाव 2018 मध्ये आणि येझदी हे नाव 2022 मध्ये नव्या गाड्यांवर परत आलं. गाड्या चांगल्या आहेत, पण त्या फोर-स्ट्रोक, आणि जुन्या गाडीचा एक नटसुद्धा त्यांना लागत नाही. काकांच्या गाडीत सामान बदललं आणि गाडी तीच राहिली. इथे सगळीच गाडी बदलली आणि नाव तेच राहिलं. नागसेन भिक्खूंना हे फार आवडलं असतं.

खरं सांगायचं तर आपल्या लोकांना या प्रश्नाचं ओझं कधी वाटलंच नाही. आपण दर वर्षी नवी गणेशमूर्ती आणतो आणि ‘गेल्या वर्षीचे गणपती वेगळे होते’ असं कुणी म्हणत नाही. जपानात इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात उभारतात, अगदी 2013 सालीही उभारलं, आणि तरी ते प्राचीनच. आपल्या घरातल्या तांब्याच्या पातेल्याला किती वेळा कल्हई झाली? पातेलं आजीचंच. गोधडीवर ठिगळ, त्या ठिगळावर दुसरं ठिगळ, आणि ऊब तीच. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलले आहेत, डोळ्यांत भिंगं नवी आहेत, दात तर पूर्ण संच आहे. पण तोंड उघडलं की या त्याच, याबद्दल माझ्या मनात आजवर शंका आलेली नाही.

तेव्हा ‘तीच का?’ हा प्रश्न मी सोडून दिला. अडचण आली ती पुढच्या प्रश्नाची. पूर्ववत करायचं म्हणजे कुठल्या पूर्वीसारखं?

मेहुण्याने टाकीवरचा रंग पॉलिश पेपरने उतरवायला घेतला तेव्हा वरती घरीच मारलेला निळा निघाला. त्याखाली पिवळा, आणि त्यात पांढऱ्या गोलातला शर्यतीचा आकडा, 7. त्याखाली कारखान्याचा मरून. मेहुण्याचं मत पक्कं होतं: मरूनपर्यंत जायचं. कारखान्यातून निघाली तशी गाडी करायची. दिवा परत, मडगार्ड खाली, स्प्रॉकेट मूळ दात्यांचं. मी म्हटलं, “म्हणजे काकांनी हिच्यावर जे जे केलं ते सगळं पुसायचं?”

“दाजी, ते केलेलं नाही, ते बिघडवलेलं आहे,” तो म्हणाला. “मूळ ते मूळ.”

आता मूळ कुठपर्यंत जाऊन शोधायचं? मरूनच्या खाली पत्रा आहे, पत्र्याच्या आधी खनिज आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचं शेंदराचं जाड कवच 2022 साली काढलं आणि आतलं स्वरूप दिसलं. भक्तांनी त्या स्वरूपाला हात जोडले, आणि ज्यांच्या आजी-पणजीने शेंदराच्या रूपालाच नवस बोलले होते त्यांच्या मनात तेही रूप खरंच राहिलं. देवाच्या बाबतीत भक्ताला दोन्ही रूपं सांभाळता येतात. गाडीच्या बाबतीत मात्र एक रंग निवडावा लागतो, डबा एक लिटरचाच मिळतो.

निवड करायची म्हणजे बाकीचं खोटं ठरवायचं. 1974 साली ही गाडी दुकानात उभी होती ते दिवस पंधरा. ती काकांकडे चिखलात होती ती वर्षं चार-पाच. जिन्याखाली होती ती चाळीस. यातलं पंधरा दिवसांचं आयुष्यच तेवढं मूळ, आणि उरलेलं बिघाड, हा हिशेब मला पटेना. लग्नातल्या फोटोत माणूस दिसतो तसा तो त्या एका दिवसापुरताच होता. तोच खरा धरून पुढच्या तीस वर्षांना नुकसानभरपाई मागायची म्हटली तर कठीण आहे. (इथे आमच्या सौभाग्यवतींनी मान डोलावली. ती कोणत्या अर्थाने, हे मी विचारलं नाही.)

वाद अडला तो टाकीच्या डाव्या बाजूच्या पोच्यापाशी. चांगला वाटीएवढा पोचा. मेहुण्याने पत्रेकाम करणाऱ्याला रविवारी बोलावून ठेवलं होतं. शनिवारी संध्याकाळी काका आले. वय शहात्तर, हातात काठी. गाडी अर्धी उभी राहिली होती. ते सगळ्याभोवती एक फेरी मारून टाकीपाशी थांबले आणि पोच्यावरून अंगठा फिरवला.

मेहुणा म्हणाला, “काका, उद्या काढतोय तो. कुठल्या शर्यतीतला?”

“तो माझा नाही रे,” काका म्हणाले. “दादाचा आहे.”

दादा म्हणजे मेहुण्याचे वडील, माझे सासरे. मी त्यांना पाहिलं नाही. हा नऊ वर्षांचा असताना ते गेले. घरात त्यांचा एकच फोटो आहे, कोट घातलेला, आणि त्यांच्याविषयी सांगण्यासारख्या गोष्टीही तेवढ्याच गंभीर. सायकलवरून कचेरीत जात, वेळेवर परत येत, कुणाला उलट बोलले नाहीत. अशा माणसाने 1981 सालच्या एका दुपारी धाकट्या भावाची चिखलातली गाडी किल्लीसकट पळवली, पर्वतीच्या मागच्या ओढ्याकडे नेली, आणि एका बांधावरून उडवायला गेले. गाडी बांधाच्या अलीकडे राहिली आणि ते पलीकडे गेले.

“उठला तो हसतच,” काका म्हणाले. “मला म्हणाला, घरी सांगायचं नाही. आणि अजून एकदा देतोस का?”

मेहुणा काही बोलला नाही. हातातला पॉलिश पेपर घडी घालून खिशात ठेवला. बोलल्या त्या सासूबाई. त्या चहा घेऊन मागे उभ्या होत्या हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

“म्हणजे कचेरीच्या जिन्यावरून पडलो म्हणाले ते हे होय! तीन आठवडे हळदीचा लेप लावलाय मी त्या खांद्याला!”

चव्वेचाळीस वर्षांनी उघडकीला आलेल्या थापेवर काय करायचं असतं, हे कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. त्यांनी ट्रे खाली ठेवला, टाकीजवळ गेल्या, चष्मा सारखा करून पोचा नीट पाहिला. मग म्हणाल्या, “राहू दे तो. पुरावा आहे.”

रविवारी पत्रेवाल्याला परत पाठवलं. आमच्या सौभाग्यवतींना मात्र हे पूर्ण पटलं नाही, आणि तिचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही. “बाबा असते,” ती म्हणाली, “तर आधी तो पोचाच ठोकून घेतला असता. काकांना कळायच्या आत.” खरंच आहे ते. माणूस आपले पोचे लपवण्यासाठी आयुष्यभर झटतो आणि त्याच्यामागे राहिलेले तेवढेच जपून ठेवतात. पुसावं तर त्यांच्या आयुष्यातली ती एक दुपार पुसली जाते, ठेवावं तर त्यांची इच्छा मोडते. न्याय नक्की कुणाला द्यायचा, गेलेल्याला की उरलेल्याला?

मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. वस्तूचं काम अडत असेल तिथे भावनेला थारा देऊ नये. पिस्टन अडकला की तो काढावा, सील गळलं की बदलावं. कारण गाडी चालली पाहिजे, नाहीतर आपण जपतो ते तिचं प्रेत. पण ज्या खुणेने काम अडत नाही, ती काढण्याआधी विचारावं. कुणाला? जो ती ओळखतो त्याला. आणि लवकर विचारावं. पिस्टन नाना पेठेत मिळतो, स्पोक मिळतात, शोधत राहिलं तर जुन्या बाजारात रविवारी दिव्याची मूळ काचही मिळते. साक्षीदार कुठल्याच पेठेत मिळत नाही. काका त्या शनिवारऐवजी सोमवारी आले असते तर टाकी गुळगुळीत झाली असती, आणि माझे सासरे कायमचे कोटातच राहिले असते.

गाडी शेवटी पिवळी झाली. आकडा 7 आहे, दिवा परत आला आहे (तो पोलिसांसाठी), आणि डाव्या बाजूला पोचा आहे. मूळ स्वरूप कोणत्याच बाजूने शिल्लक नसल्यामुळे ‘व्हीए’ पाटीच्या मानाचा प्रश्न मिटला, त्यामुळे ती भाजी आणायला मोकळी आहे. रविवारी ती निघते तेव्हा दोन्ही सायलेन्सर मिळून इतका धूर काढतात की सोसायटीच्या अध्यक्षांनी सूचना-फलकावर विनंती लावली आहे. जाणकार मंडळी कधी रस्त्यात थांबवून विचारतात, “अहो, बाकी एवढं छान केलंत, हा पोचा का ठेवलात?” मेहुणा सांगतो, “वडिलोपार्जित आहे.”

हा नियम वस्तूंप्रमाणे माणसांनाही लावावा, असं मला हल्ली वाटू लागलं आहे. तीस वर्षांच्या संसारात माझे बरेच पोचे ठोकून सरळ करण्यात आले, आणि ते काही मला विचारून केलं नव्हतं. तरी थोडे शिल्लक आहेत. ते का राहिले म्हणून परवा मी हिला विचारलं. ती म्हणाली, “पुरावा म्हणून.”